रोशनीचे कान टोचले त्या दिवशी

नंदनवन, नागपूर
६ ऑगस्ट २०२३

आ. देवाजीदादास,
प्रेमिलाचा स. जयभीम वि. वि.

तुझं अक्षर पाहून वर्ष झालं. फोनवर तू नुसतं हूं-हूं करतोस, आणि आमच्या घरात मोकळं बोलायची सोय नाही. म्हणून कागद घेऊन बसले.

रोशनीचा ताप उतरला, पण रक्तात हिपॅटायटिस बी निघाला. साधी कावीळ नव्हे, वर्षानुवर्षं यकृतात ठाण मांडून बसणारी. डॉक्टर म्हणाले, मुलांना बहुतेक ती जन्मताना आईकडून मिळते. पण माझं रक्त स्वच्छ निघालं, तिच्या बाबांचंही. लस तर तिला तान्ही असतानाच दिली होती. काही मुलांचं शरीर लसीला दादच देत नाही, आणि हा गुण आईबापांच्या जनुकांतून येऊ शकतो, असं ते म्हणतात. ते अशाच कुटुंबांचा अभ्यास करतात. त्यांना जवळच्या नातलगांचं रक्त हवं आहे. अश्विन रोशनीच्याच वयाचा, तेव्हा बापलेक एक दिवस या.

सासूबाईंनी पोरीचं ताट वेगळं केलंय. जेवणातून हा आजार पसरत नाही, हे सांगून मी थकले. त्यांचं एकच, दुखणं माझ्या माहेरून आलं आणि मी लपवलं. रोशनी विचारते, मलेच काहून वेगळी थाली? काय सांगू तिला?

मायावहिनीला जयभीम. अश्विनला एक धपाटा, दोन पापे. उत्तराचा आळस करू नकोस.

तुझी धाकटी,
प्रेमिला


रामटेक
१९ ऑगस्ट २०२३

चि. प्रेमिलास,
दादाच्या मंगल कामना.

तुझ्या सासूबाई अर्धं खरं बोलल्या. दुखणं तुझ्या माहेरूनच आलं. लपवलं मात्र मी.

दोन्ही लेकरं दोन वर्षांची असताना आमच्या अंगणात त्यांचे कान टोचले, आठवतं? रीतीप्रमाणे रोशनी मामाच्या मांडीवर बसली आणि सुई पाहूनच तिनं आकांत मांडला. तिला हसवायला मी सोनाराच्या हातून सुई घेतली आणि आधी माझ्याच कानाच्या पाळीत टोचली. पाह्य वं, मामा कुठं रडून राहिला, असं म्हणालो. तुम्ही सगळे हसलात. त्याच सुईनं तिचे कान टोचले, मग अश्विनचे.

दोन वर्षांनी जयंतीच्या शिबिरात मी रक्त दिलं. रक्तपेढीतून फोन आला, तुमचं रक्त चालणार नाही. हाच विषाणू. ती सुई मला तेव्हाच आठवली. मी गुपचूप अश्विनला तपासून आणलं. त्याच्या रक्तात विषाणू येऊन गेल्याची खूण होती, पण शरीरानं तो केव्हाच हुसकून लावला होता. मला इतकं हायसं वाटलं, की माझा सुटला तशी तुझीही सुटली असेल, असं धरून चाललो. एकाच वयाची, एकाच रक्ताची लेकरं.

मायालाही सांगितलं नाही. आपल्याच वस्तीत कुणी माझ्या हातचं पाणी टाळावं, हे मला सोसलं नसतं. त्या भीतीपायी चार वर्षं तोंड बंद ठेवलं.

हे पत्र सासूबाईंना दाखव. तुझ्यावरचा बोल तरी जाईल.

तुझ्या लोभाला न शोभलेला,
देवाजी


नंदनवन, नागपूर
२ सप्टेंबर २०२३

दादा,
जयभीम.

तुझं पत्र येऊन दहा दिवस झाले. आधी फाडायलाच घेतलं होतं.

सुईसाठी मी तुला कधीच बोलणार नाही. तुला तेव्हा माहीत नव्हतं, आणि हसणाऱ्यांत मीही होते. पण ती चार वर्षं? रोशनीच्या यकृतावर व्रण धरू लागलेत. लवकर आणलं असतं तर कदाचित इतकं झालं नसतं, असं डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. रोज एक गोळी सुरू झाली आहे. किती वर्षं घ्यावी लागेल, ते त्यांनाही सांगता येत नाही.

मी तुझं नाव न घेता विचारलं, एक मूल सुटलं तर त्याच घरातलं दुसरंही सुटतं का? ते म्हणाले, सख्ख्या भावंडांतही शरीराची राखण सारखी नसते. एवढं कुणाला तरी विचारायचं होतंस रे.

पत्र मी सासूबाईंना दाखवलं नाही. दाखवलं तर रोशनीला मामा उरणार नाही, आणि मामा कधी येऊन राहिला, हे ती रोज विचारते. त्यापेक्षा मी बोल खाईन.

गुरुवारी अश्विनला घेऊन डॉक्टरांच्या दवाखान्यात ये. वहिनीला सगळं सांगून तिलाही आण, आणि स्वतःचंही यकृत तपासून घे. मी तिथं असेन. बोलेन की नाही, सांगता येत नाही. माफ केलं असं लिहायला तीनदा पेन टेकवला, लिहवलं नाही.

रोशनीचा तुझ्यावर लोभ आहे. माझा विचारू नकोस.

प्रेमिला