कोरडा कागद

मंगळवार, संध्याकाळ

डाळिंबाच्या सालीचा अर्क दिलेल्या उंदरांना आज एरंडेल पाजलं. जुलाब झाले नाहीत, पिंजऱ्याखालचा कागद कोरडा राहिला. पण उंदीर अंग आखडून कोपऱ्यात बसले, पाण्यालाही शिवले नाहीत. हा गुण म्हणायचा की विषबाधा? विभागप्रमुखांना विचारलं. "कागद कोरडा आहे की, मॅडम. तुम्हाला लई शंका." निष्कर्षात 'गुणकारी' लिहायचं ठरलंसुद्धा. कोरडा कागद म्हणे. मी गप्प बसले.

आत्ता वैरागहून भावजयीचा फोन आला. बाळाला जुलाब लागलेत. "वन्सं, तुमचं ते डाळिंबाचं देऊ का?"

"अजिबात नको. मीठ-साखरेचं पाणी पाज आणि दवाखान्यात ने."

घरच्या बाळासाठी तोंड लगेच उघडलं. उद्या 'गुणकारी'खाली सही करेन, ती दुसऱ्यांच्या बाळांसाठी.