रोज मरणारा घरमालक

एदोगावा, तोक्यो
४ सप्टेंबर २००६

तीर्थरूप लीलावन्सं यांना,

सुरेखाचा वाकून नमस्कार. (इथे माणसं उठता-बसता वाकतात, अगदी फोनवर बोलतानासुद्धा. त्यातलाच एक तुमच्याकडे ढकलला असं समजू नका. हा वेगळा आहे.) तुमचा गुडघा कसा आहे? वैद्यांनी दिलेलं तेल लावता का? नसणारच लावत. महाग आहे म्हणून बाटली कोनाड्यात जपून ठेवली असेल. बाटली बरी राहील, गुडघा जाईल. असो, तुम्ही मोठ्या, मी काय सांगणार. आम्ही इकडे खुशाल आहोत. नुपूर पाच वर्षांची झाली. आजीनं मराठीत विचारलं की नात जपानीत उत्तर देते, तेही मान वर न करता. केतकी सून म्हणून चांगली आहे. हे तुम्हाला आवडणार नाही, पण खरं आहे. अनुराग तेवढा वाळलाय.

पत्राला उशीर झाला, कारण मध्यंतरी मी रस्त्यात पडले होते. घाबरू नका, मुद्दाम पडले होते. (आता तुम्ही चष्मा पुसून परत वाचाल. बरोबरच वाचलंत.) पहिल्यापासून सांगते, मध्ये घाई करू नका. घाई करायची ती मीच करते आपल्या घरात.

अनुरागचं घर वरच्या मजल्यावर. खाली घरमालक राहतात, तानिमुरासान. सान म्हणजे आपलं राव. वय बहात्तर, बायको जाऊन सहा वर्षं झाली, मूलबाळ नाही. इस्त्रीचा शर्ट घालून लोकांच्या कचऱ्यावर नजर ठेवायची हा दिवसभराचा उद्योग. इथे कचऱ्याला वार असतात, वन्सं. आपल्याकडे उपासाला असतात तसे. जळणारा कचरा एका वारी, न जळणारा दुसऱ्या वारी, बाटल्या तिसऱ्याच वारी. आता नारळाची करवंटी कशात? आपल्या बंबात ती धडधडून जळते, म्हणून मी जळणाऱ्यात घातली, पण वार चुकला. पिशवी दाराशी परत, वर चिठ्ठी. मग मला राग आला आणि मी ती न जळणाऱ्यात घातली. पुन्हा परत, चिठ्ठी आणखी लांब. शेवटी करवंटी धुऊन ओट्यावर ठेवली, तिच्यात मीठ भरलं. भांडण मिटलं.

पण मिटलं नव्हतं. एक तक्रार फोडणीच्या वासाची होती आणि सगळ्यात मोठी माझ्या आवाजाची. आता वीस वर्षं पिठाची गिरणी चालवलेली बाई मी. पट्टा फिरत असताना "जाडं दळू का बारीक?" विचारायचं तर आवाज बेंबीपासून काढावा लागतो, आणि एकदा तसा निघाला की परत लहान होत नाही. इथले लोक भांडतात तेसुद्धा देवळात आल्यासारखे. मी इथून सासवडला फोन लावला की खालच्यांना वाटायचं मी त्यांनाच शिव्या देतेय. (एकदा देतही होते. करवंटीच्या दिवशी.)

तर गेल्या महिन्यात तानिमुरासान वर आले, दाराबाहेरच उभे राहिले, तीनदा वाकले आणि केतकीला काहीतरी सांगून गेले. तिचा चेहरा उतरला. घराचा करार दर दोन वर्षांनी नवा करायचा असतो, तो या सप्टेंबरअखेर संपतोय. ते म्हणाले, या वेळी जरा विचार करतो. मी म्हटलं, करू देत की विचार, चांगलं असतं. केतकी म्हणाली, "आई, इथे विचार करतो म्हणजे नाही." घर गेलं की नुपूरची बालवाडी गेली, ती याच गल्लीच्या टोकाला आहे. बालवाडी गेली की केतकीची नोकरी गेली, दीड वर्ष वणवण करून आत्ता कुठे मिळालेली. आणि हे सगळं माझ्या तोंडामुळे. पण मला कुणी एक शब्द बोललं नाही. बोलले असते तर मीही चार शब्द ऐकवून मोकळी झाले असते. न बोलणाऱ्या माणसांचं काय करायचं, सांगा? जेवताना अनुराग नुसता वरणात भात फिरवत बसायचा.

मग मी मौन धरलं. हसू नका. सकाळी साडेआठला तिघं बाहेर पडली की तीन वाजेपर्यंत मी घरात एकटी. खोकायचं ते उशीत. टीव्ही लावायचा तोसुद्धा आवाज बंद करून. नाहीतरी आवाज काय कळणार होता? असाच एका दुपारी तो काळापांढरा कार्यक्रम सापडला. केतकी म्हणाली, ही पंचेचाळीस वर्षांपूर्वीची मालिका आहे, आता जुनं म्हणून रोज दाखवतात. तेव्हा म्हणे ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या घरी अख्खी गल्ली जमायची. (आपल्याकडे नाही का, तुम्ही लोकांना सतरंजी घालायचात आणि मला दारात बसवून लसूण सोलायला द्यायचात. शेवट मी एकाही कार्यक्रमाचा बघितला नाही, कारण लसूण संपला की तुम्ही मेथी आणायचात.)

गोष्ट सोपी आहे. एक छत्र्या दुरुस्त करणारा माणूस गावोगाव हिंडतो. छत्रीच्या दांड्यात तलवार. दर गावात एक गरीब म्हातारा, म्हाताऱ्याची मुलगी आणि हाताची घडी घालून हसणारा एक सावकार. जो हाताची घडी घालून हसतो तो मरतो, हे मला पहिल्या दिवशीच कळलं. शेवटी छत्रीवाला पंधरावीस गुंडांना आडवं करतो, छत्री उघडतो आणि चालायला लागतो. एवढं होऊन छत्रीचे पैसे घेतो की नाही, ते काही दाखवत नाहीत.

पाचसहा दिवस बघितल्यावर माझ्या लक्षात आलं, त्या गुंडांत एक माणूस रोज मरतोय. काल चोर होऊन मेला, आज शिपाई होऊन मेला, उद्या सावकाराचा नोकर. तोंड धड दाखवत नाहीत, पण मरायची तऱ्हा एकच: दीड गिरकी घ्यायची, कानाला हात लावायचा, डाव्या कुशीवर पडायचं, आणि पडता पडता पायातली सपात अशी उडवायची की ती वर जाऊन पालथी पडली पाहिजे. बाकीचे मेंढरासारखे मरत होते, हा मन लावून मरायचा. मला त्याचा लळाच लागला. छत्रीवाल्याकडे बघणं मी सोडून दिलं. तो मेला की मी दिनदर्शिकेवर पेन्सिलीनं एक रेघ ओढायची. एका गुरुवारी दोन ओढल्या, कारण मेल्यावर तो गपचूप उठला, डोक्याचं फडकं बदललं आणि त्याच मारामारीत परत येऊन मेला. म्हटलं, शाब्बास रे कामसू.

आता रस्त्याचं. त्या दिवशी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते आणि खाली तानिमुरासान कचऱ्याच्या पिशव्यांवर जाळी पसरत होते. इथले कावळे कोंबडीएवढे असतात. एक आला तो थेट त्यांच्या टाळूवर. त्यांनी दीड गिरकी घेतली, कानाला हात लावला, डाव्या कुशीवर पडले, आणि सपात उडाली ती पालथी! मी म्हटलं, हा तर आपला! तीन आठवड्यांचं मौन त्या क्षणी गेलं. गॅलरीतून, गिरणीच्या आवाजात, "अहो मेलेले! अहो, तुम्हीच ना ते मेलेले?" असं ओरडत मी गाऊनवरच जिना उतरले. ते उठून शर्ट झटकत होते. त्यांना मराठी येत नाही, मला जपानी येत नाही. मग मी करून दाखवलं. गिरकी घेतली, कान धरला, कचऱ्याच्या जाळीशेजारी डाव्या कुशीवर पडले आणि चप्पल उडवली. आणि मेलेला माणूस लगेच उठत नाही म्हणून तशीच पडून राहिले.

समोरच्या बाईनं अँब्युलन्स बोलावली. इथे ती बोलावल्या बोलावल्या येते, हे मला काय माहीत? मी अजून नीट मेलेही नव्हते तोवर शिरस्त्राणं घातलेले तीन जण माझी नाडी बघायला लागले. मी उठून बसले तर त्यांनी परत झोपवलं. मी ओरडले तर त्यांना वाटलं दुखतंय. एकानं माझी चप्पल दोन्ही हातांनी उचलून, वाकून, माझ्या पायाशी ठेवली. त्यांना कसं घालवलं ते तानिमुरासाननाच ठाऊक; चौघं मिळून एकमेकांना इतके वाकले की मला वाटलं आता कंबरा धरतील. नंतर तानिमुरासान माझ्या चपलेकडे बघत उभे राहिले. हसले नाहीत, रागावले नाहीत. आत गेले आणि दार लावून घेतलं.

संध्याकाळी अनुराग घरी आला तो कपाळाला हात लावूनच. "आई, तू घरमालकासमोर रस्त्यात झोपलीस?" मी म्हटलं, झोपले नाही, मेले. तो म्हणाला, "त्यानं काय फरक पडतो?" एवढ्यात बेल वाजली. तानिमुरासान, कोट-टाय घालून, हातात मिठाईचा खोका. केतकीमार्फत विचारलं, बाईंनी ओळखलं कसं? नावं येतात त्यांत आपलं नाव नाही, तोंड कधी दाखवलं नाही, बायकोलासुद्धा टीव्हीजवळ जाऊन बोट दाखवावं लागायचं. मी दिनदर्शिका पुढे ठेवली. त्यांनी खिशातून चष्मा काढला आणि एकेक रेघ बोटानं मोजली. गुरुवारच्या दोन रेघांपाशी बोट थांबलं. मग ते तोंडावर रुमाल धरून इतका वेळ हसले की नुपूर पाणी घेऊन आली. दिग्दर्शकालाही ती चोरी कधी कळली नव्हती म्हणे.

पुढे मात्र भांडण झालं. बारा तारखेची रेघ माझी नाही, म्हणाले. तो दुसराच कुणीतरी, असा वाईट मी मरत नाही. मी म्हटलं, तुम्हीच होतात, कान धरला होता. ते म्हणाले नाही, मी म्हटलं हो. केतकीनं भाषांतर करायचं सोडून दिलं तरी आमचं चालूच. शेवटी ते हळूच म्हणाले, त्या दिवशी ताप होता. मी म्हटलं, मग असं सांगा की!

गाडी रुळावर आहे बघून मी सरळ विचारलं, घर देणार की नाही? केतकीनं जीभ चावली, भाषांतर काही केलं नाही. अनुराग छताकडे बघतोय. मग नुपूरनं जपानीत विचारलं, आणि पोरगी माझ्यावर गेलीय, कंबरेवर हात ठेवून विचारलं. तानिमुरासान आधी तिला वाकले. मग म्हणाले, अठरा तारखेला म्हाताऱ्यांचा दिवस असतो, सगळ्या देशाला सुट्टी असते. गल्लीच्या सभागृहात इथल्या म्हाताऱ्यांचं मंडळ छत्रीवाल्याचा एक प्रवेश करणार आहे. जन्मभर दुसऱ्याच्या हातून मेलो, आता एकदा तरी छत्री माझ्या हातात हवी. पण मंडळात मरायला कुणी नाही. सगळ्यांचे गुडघे तुमच्यासारखे. पडलेलं माणूस उठायचं नाही. तेव्हा बाईंनी मरावं. कराराचं नंतर बघू.

म्हणजे बघा, पोराचं घर माझ्या मरण्यावर अडकलं. आठवडाभर रोज चार वाजता सभागृहात जाऊन मरतेय. सगळ्या जपानात "मोठ्यानं ओरडा" म्हणणारी ही एकच जागा सापडली मला. ओरडणं त्यांना पहिल्याच दिवशी पसंत पडलं, एका आजोबांनी कानातलं यंत्र काढून ठेवलं. मेल्यावर गप्प पडायचं तेवढं जमत नाही. छत्री चुकीची धरली की मी पडल्या पडल्या सांगतेच.

बरं, आता हात दुखला. सगळ्यांना यथायोग्य. लोभ आहे तेवढाच असू द्या, वाढवायच्या भानगडीत पडू नका.

तुमची भावजय,
सुरेखा

ता. क. गाऊनवर मरता येत नाही, पाचवारीत पाय अडकतो. काष्टा लागतो. माझं लग्नातलं लुगडं मी बोहारणीला डब्यांवर देऊन टाकलं. तुमची ती जांभळी इरकली नऊवारी, जिला पस्तीस वर्षांत तुम्ही मला हातही लावू दिला नाहीत, ती द्याल का? पडायचं चटईवर आहे, आणि इथली चटई आपल्या ताटापेक्षा स्वच्छ असते. अनुरागच्या कचेरीतला राजीव या शुक्रवारी पुण्याहून इकडे यायला निघतोय, त्याच्याजवळ द्यावी.

ता. क. दुसरं. पत्र बंद करणार तोच सही केलेला करार टपालपेटीत सापडला. सोबत चिठ्ठी. केतकीनं वाचून दाखवली: घर वेगळं, मरण वेगळं, मनात नसेल तर येऊ नका. अनुराग आज दोनदा भात वाढून घेऊन जेवला. तेव्हा आता मला मरायची काहीच गरज नाही. तरी परतीचं तिकीट दहा दिवस पुढे ढकललंय. त्या माणसाला मी असं एकट्यानं छत्री फिरवत सोडणार नाही.

ता. क. तिसरं. आत्ता हिशेब केला, हे पत्र पोचायला आठ-दहा दिवस लागतील आणि राजीव तर शुक्रवारीच निघतोय. म्हणून लगेच तुमच्या भावाला फोन केला. गुरुवारी तुम्ही दत्ताच्या आरतीला गेलात की ते कपाट उघडतील. म्हणजे तुम्ही हे वाचाल तेव्हा साडी माझ्या अंगावर असेल. तरीपण वरची परवानगी मी रीतसर मागितली आहे, ती द्यावी. रागवायचं तर त्यांच्यावर रागवा, जेवायला तुमच्याकडेच असतात.