अप्पांनी गाडीला पाजलेलं पाणी

अप्पा, गाडीचा रेडिएटर बदलला. तुम्ही गेल्याला बारा वर्षं झाली. सांगण्यासारखं एवढं घडलं, दादानं दुकान वाढवलं, तुम्हाला नातवंडं झाली, आणि मी लिहायला बसले ती रेडिएटरवर. शाळेत मला लोक शहाणी बाई समजतात, त्यांच्या हाती हे लागायला नको.

गाडी तीच आहे. नांदेडच्या एका डॉक्टरांनी सात वर्षं वापरलेली तुम्ही घेतलीत आणि लातूरपर्यंत स्वतः चालवत आणलीत, वाटेत चार ठिकाणी उतरून बॉनेटवरून हात फिरवत. तुमच्यानंतर ती कुणालाच नको होती. दादा भंगारात घालायला निघाला होता, म्हणून मी घेतली. आता ती बावीस वर्षांची आहे. क्लच प्लेट दोनदा बदलून झाली; रोज नांदेडहून अर्धापूरच्या शाळेत जाताना केळीच्या ट्रकमागं रांगत जावं लागतं, त्यात ती जळते. चाकांजवळचे रबरी बुश गेले की खड्ड्यात अशी खडखड होते, की शेजारी बसलेल्या शाळेतल्या बाई देवाचं नाव घेतात. बॅटरी, टायर, सायलेन्सरला पडलेलं भोक, दारांच्या खालच्या कडेला गंज. पंधरा वर्षं झाली तेव्हा पुन्हा पासिंग, वीस झाली तेव्हा आणखी एकदा. पगार झाला की पहिला घास गाडीचा. दादा फोनवर म्हणतो, "चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला. वीक की आता." मी म्हणते, बघू. पण ही सगळी किरकोळ दुखणी. खरं दुखणं तुम्हाला माहीत आहे. ती तापते.

ती पहिल्यांदा तापली त्या दिवशी मी चालवत होते. मुरुडला तुमच्या मावसभावाच्या मुलीचं लग्न. तुम्ही आदल्या दिवशीच गेला होता आणि मी आईला आणि आहेराच्या पिशव्या घेऊन लातूरहून निघाले होते. मे महिना, ऊन मी म्हणत होतं. तुम्हीच मला शिकवलं होतं, तरी शेजारी तुम्ही नसताना गावाबाहेर गाडी काढायची ती पहिलीच वेळ. मुरुड पाच-सहा किलोमीटरवर राहिलं असेल, आणि बॉनेटखालून वाफ येते, पाठोपाठ करपल्याचा वास. गाडी दोन आचके देते आणि थांबते ती थांबतेच. आई म्हणते, "आगं, काय झालं?" मी उतरून रस्त्याकडेला हात दाखवत उभी राहते. एका टेंपोवाल्यानं आम्हाला मांडवापर्यंत सोडलं. अक्षता होऊन गेल्या होत्या. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि वऱ्हाडासमोर, जेवणाच्या पंगतीसमोर म्हणालात, "गाडी घालवलीस न्हवं! तुझ्या हाताला यशच न्हाई. आजपासनं चावीला हात लावायचा न्हाई." मी बुंदी वाढणाऱ्या माणसाकडं बघत उभी राहिले, कारण दुसरीकडं कुठं बघायचं ते सुचेना. इंजिन उघडावं लागलं. त्यानंतर तुम्ही दोन वर्षं होता, आणि त्या दोन वर्षांत मी गाडी चालवली नाही.

एवढी वर्षं मी एकच गोष्ट आठवायचा प्रयत्न करते आहे. त्या दिवशी मी तापमानाचा काटा बघितला होता का? कधी वाटतं बघितला होता, मधोमध होता. कधी वाटतं, आईशी बोलण्याच्या नादात तो चढलेला मला दिसलाच नाही. पन्नासच्या वर मी गाडी नेत नाही. लातूरला येताना लोह्याला थांबते, अहमदपूरला थांबते, बॉनेट उघडून गार होऊ देते. गाडी तापली की मला वाटतं, ती माझ्याच हातात तापते. मनात तुम्ही मांडवात उभे असता आणि मी दर वेळी तुमच्यासमोर गुन्हेगार.

गेल्या महिन्यात रेडिएटर खालून गळायला लागला. नांदेडचे माझे मेकॅनिक उस्ताद, पांढरी दाढी, बोलणं कमी. आजवर त्यांनी वॉटर पंप बदलला, पंखा बदलला, पण तो रेडिएटर कुणी उघडला नव्हता. या वेळी त्यांनी तो काढून कापलाच, आणि मला हाक मारली. "मॅडम, इकडं या. काय पाजून राहिले तुम्ही हिला?" म्हटलं, मी तर कूलंटच घालते. "तुमचं न्हाई हे. लई जुनं हाय. पत्थर झालंय बघा." नळ्यांच्या तोंडाशी चुन्यासारखा पांढरा थर, आणि त्यात राखाडी काहीतरी. त्यांनी ते बोटानं चुरलं. "खारं पाणी तर हायच. पण राख कुठून आली ह्याच्यात?"

अप्पा, मी तिथंच टायरच्या थप्पीवर बसले आणि हसत सुटले. उस्तादांना वाटलं बाईंना ऊन लागलं. दर सोमवारी तुम्ही पिंडीवर अभिषेक करायचा, आणि तांब्यात उरलेलं पाणी, बोअरचं, वर विभूती आणि दुधाचे चार थेंब, नेऊन रेडिएटरमध्ये ओतायचा. लातूरचा मेकॅनिक कूलंट घाला म्हणाला तर त्यालाच ऐकवलंत, "ते रंगीत पाणी कशाला? हितं म्हादेवाचं हाय की." म्हादेवाला चाललं ते, अप्पा, रेडिएटरला नाही चाललं.

मला इतकं हलकं वाटलं की मी तिथूनच आईला फोन लावला. वाटलं, ती चकित होईल. ती शांतपणे म्हणाली, "तेनला कळलं हुतं की. गाडी दुरुस्त होऊन आली तवा त्या मिस्त्रीनं सांगितलं. त्या दिवसापासनं तांब्याचं पाणी तुळशीला घालाय लागले." मी विचारलं, मग मला का नाही सांगितलं? आई म्हणाली, "तू इचारलं न्हाईस. अन् ते कवा सांगनार?"

आधी राग आला, खोटं कशाला बोलू. पंगतीसमोर बोललात, मग निदान स्वयंपाकघरात तरी सांगायचं होतं. पण तो राग नवा रेडिएटर बसेपर्यंतही टिकला नाही. मला बारा वर्षं वाटत होतं की तुम्ही माझ्यावरचा ठपका मनात घेऊनच गेलात. तसं नव्हतं, एवढं कळलं आणि छातीवरचं ओझं उतरलं. परवा लातूरला आले ती कुठं न थांबता. अहमदपूर कधी मागं पडलं ते कळलंही नाही.

हे पत्र गाडीच्या कागदांच्या पिशवीत ठेवेन, विम्याच्या मागं. पण एक लिहायचं राहिलं. मी सगळ्यांना सांगत आले की मुरुडनंतर अप्पांनी मला गाडीला हात लावू दिला नाही. ते खरं नाही. गाडी दुरुस्त होऊन आल्यावर एका सकाळी, तेव्हाच्या लातूरच्या शाळेत शिकवायला निघताना, मी चपला घालत होते, तुम्ही दारात आलात आणि चावी पुढं केलीत. हात तसाच धरून उभे राहिलात. मी म्हणाले, "मला वेळ नाही," आणि रिक्षानं गेले. वेळ होता, अप्पा. शाळेला अजून तास होता.