नव्वद दिवस शांत

२० नोव्हेंबर
मार्चअखेर ऋतिकाला बाळ होणार. लेकीच्या पहिल्या बाळंतपणाला आम्ही दोघं कॅनडात हवेतच. ८ मार्चला निघायचं, दोन वर्षं राहायचं. तिकिटांचं प्रमिला आणि ऋतिका बघतायत. व्हिसासाठी हेल्थ इन्शुरन्स लागतो, ते माझ्याकडे. प्रेमराज एजंटला बोलावलं. धरणगावच्या शाळेत मी पीटी शिकवायचो तेव्हाचा माझा विद्यार्थी. बसताना त्याने डावा कान माझ्यापासून लांब ठेवला. जुनी सवय असेल.

स्वस्त प्लॅनमध्ये बीपी धरत नाहीत. मधल्यात धरतात, पण निघण्याआधी सलग नव्वद दिवस प्रकृती स्थिर पाहिजे. डोस वाढला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

माझा डोस कालच वाढला. कारण रिक्षावाला. त्याच्या रिक्षाची काच मुळात कच्ची होती.

मधला प्लॅन नक्की. नव्वद दिवस शांत राहायचं, १८ फेब्रुवारीला पूर्ण. मी मूळचा शांतच माणूस.

२४ नोव्हेंबर, सकाळी ६
प्राणायाम सुरू. चौथ्या श्वासाला शेजारच्या उखर्डूचा बोकड आला आणि तुळस खाल्ली. वीट फेकली. बोकडाला लागली नाही, उखर्डूच्या स्कूटरला लागली. वीट इन्शुरन्समध्ये धरत नाहीत. दिवस पाचवा.

१ डिसेंबर
पॉलिसीची पुस्तिका वाचली. काय काय मिळणार नाही याची पानभर यादी. त्यात ‘मारामारीत झालेली इजा’. हे कुणाला उद्देशून? प्रेमराजला फोन लावला. म्हणाला, सर, ते सगळ्यांसाठीच असतं. सूर आवडला नाही.

२ डिसेंबर
घरच्या मशीनवर बीपी १७८. पुन्हा लावलं, १८६. मशीन मला डिवचतंय हे उघड होतं. खलातला बत्ता घेऊन एकदाच मारला. खरं तर चारदा. तुकडा उडून कपाळात घुसला. जळगावला नेलं, चार टाके. डॉक्टरांनी त्यांच्या मशीनवर मोजलं आणि डोस वाढवला.

मोजणी पहिल्यापासून, २ मार्चला पूर्ण. तरी सहा दिवस हातात राहतात. परतताना प्रमिलाने एवढंच विचारलं, “तुम्हना रागना इमा निंघस का?” म्हणे रागाचा विमा! ती अहिराणीवर आली की मी उत्तर देत नाही.

१५ डिसेंबर
नवा उपाय: दर सोमवारी मौन. आज पहिलं. उखर्डू स्कूटरच्या आरशाचं विचारायला आला. पाटीवर लिहून भांडलो. तीन खडू मोडले, मौन मोडलं नाही. समाधान वाटलं.

९ जानेवारी (दवाखान्यातून)
माझा मित्र वना, त्याच्या मळ्यात आम्हाला निरोप म्हणून भरीत पार्टी होती. वांगी भाजून झाल्यावर बडगीत, म्हणजे लाकडी उखळीत, कुटायची असतात. ते काम मी मागून घेतलं, रागाला वाट मिळते म्हणून. उखर्डूचा चेहरा आठवून कुटलं, रिक्षावाल्याचा आठवून कुटलं. छान चाललं होतं. प्रेमराज म्हणाला, सर, भरीत केव्हाच झालं, आता बडगी कुटताय. सगळे हसले.

लाकडी मुसळ भिरकावलं. वना खाली बसला म्हणून वाचला. बाभळीला आपटून ते माझ्याच गुडघ्यावर आलं. तशाच पायाने प्रेमराजच्या मागे धावलो आणि पाण्याच्या पाटात पडलो. बीपी २१०. डोस वाढला, शिवाय नवी गोळी.

आता मोजणी ९ एप्रिलला पूर्ण. पहिलं बाळ उशिरा होतं असं सगळेच सांगतात. ऋतिकाला फोन करून घाई करू नकोस म्हटलं. फोन कट झाला. रेंज नसेल.

३ फेब्रुवारी
प्रेमराजला सांगितलं, जानेवारीतलं फॉर्मवर टाकू नकोस. म्हणाला, खोटं लिहिलं तर तिकडे काही मिळत नाही आणि दवाखान्याचा बोजा ऋतिकावर येतो. मी उठलो. त्याने चष्मा काढून खिशात ठेवला आणि डोळे मिटून बसला. चाळिशीचा माणूस, केस पिकलेले. मारवेना. फार वाईट वाटलं. टीपॉयला लाथ घातली. अंगठा निळा.

८ मार्च
प्रमिला एकटीच गेली. तिची गोळी नऊ वर्षं तीच, तिला पॉलिसी लगेच मिळाली. जळगाव स्टेशनावर डब्याच्या खिडकीतून म्हणाली, “जेवज्यात. बठ्ठं फ्रिजमा ठेयेल शे.” मी एप्रिलमध्ये येतोच म्हटलं. तिने मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही.

२५ मार्च, दुपारी
मुलगी झाली. व्हिडिओवर पाहिली. मुठी आवळून किंचाळत होती. ऋतिका म्हणाली, बाबा, तुमच्यावर गेलीय. मी हसलो. ती हसली नाही.

आता माझं तिकीट काढायचं. प्रमिलाच्याच विमानाचं बघावं म्हणून तिच्या तिकिटाची झेरॉक्स कपाटातून काढून पाहिली. बुकिंग १८ नोव्हेंबरचं. रिक्षावाल्याच्या आदल्या दिवशीचं. प्रवासी: एक.

विमान कंपनीची चूक असणार. प्रमिलाला जाब विचारायला स्वयंपाकघरात गेलो. तिथे कुणी नव्हतं. अंगणातही कुणी नव्हतं, बोकडसुद्धा नाही.

दिवस शहात्तरावा. शांत.