मोठी आई कुंडावर काय बोलली

नाशिक,
२२ मार्च १९८७

प्रिय हिरा,

तुझं पत्र मिळालं. मोठ्या आईच्या अंगात देवी कशी यायची त्याची नक्कल तू होस्टेलवर करून दाखवलीस आणि मैत्रिणी पोट धरून हसल्या, असं लिहिलंस. वाचताना मलाही हसू आलं. नकला तू लहानपणापासून छान करतेस. पण पत्र कपाटात ठेवल्यावर दिवसभर माझं कशात लक्ष लागेना. आज तुला जे सांगणार आहे ते मी तुझ्या बाबांनाही कधी सांगितलेलं नाही.

१९७६ सालची गोष्ट. तू परीक्षेसाठी इथे मामाकडे राहिली होतीस. आपल्या गावच्या जत्रेला सटाण्यापासून, थेट मालेगावपासून माणसं येतात. नवस फेडणारे देवीच्या कुंडात उतरून आंघोळ करतात, आजारी पोरांना तिथेच बुडवून काढतात आणि त्याच कुंडातलं तीर्थ मग सगळे ओंजळीनं पितात. ते तीर्थ प्रत्येकाच्या हातावर मोठी आई घालायची. देवी तिच्या अंगात यायची, म्हणून मान तिचा. धाकटी जाऊ म्हणून तिच्यामागे बसून तिला सावरायचं काम माझ्याकडे आलं होतं. लग्न होऊन आले तेव्हा मीही तुझ्यासारखीच मनातून हसायचे. पण देवी आली की तिचे पाय गार पडायचे गं. चैत्राच्या भर उन्हात, बर्फासारखे. तू डॉक्टरी शिकतेस, त्याचं कारण तुमच्या भाषेत सांगशील. ती सोंग करत नव्हती, एवढं मात्र मला या हातांनी कळलेलं आहे.

त्या वर्षी जत्रेच्या पहिल्याच दिवशी सात जणांना जुलाब-उलट्या सुरू झाल्या. संध्याकाळी सुलाबाई नर्स आमच्या स्वयंपाकघरात आल्या. साडीला चिखल, आवाज बसलेला. मोठ्या आईला म्हणाल्या, "कॉलरा आहे, कुसाबाई. कुंडात पावडर टाकू देत नाहीत. देव बाटवता म्हणून मघाशी आमच्या शिपायाच्या अंगावर धावले. तुम्ही सांगा, तुमचं ऐकतील." मोठी आई भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "माझं कोण ऐकतंय बाई? सकाळी ती येईल, ती सांगंल. तिला काय लेकरांचा जीव प्यारा नाय?" तिच्या मनात तिळभर शंका नव्हती. मी शाळेत मुलांना पाण्यातल्या जंतूंचा धडा शिकवणारी. मी कुंडावर जाऊन ओरडायला हवं होतं. मी भाजीत मीठ घातलं.

सकाळी कुंडाच्या पायरीवर मोठी आई बसली. धोंडीरामनं संबळ वाजवायला घेतला. समोर हजारभर माणसं, तहानलेली. मी तिचे पाय धरून बसले होते. ते गरमच होते. ऊन डोक्यावर आलं, संबळ वाजवून धोंडीरामचे हात भरून आले, लोक कुजबुजू लागले, "आज आई रुसली का काय?" तरी पाय गरमच. शेवटी एक म्हातारा नातवाला कडेवर घेऊन पायऱ्या उतरू लागला. तो पाण्याला वाकला तशी मोठी आई थरथरली. केस सोडून ओरडली, "खबरदार! यंदाचं पाणी माझं एकटीचं! माझीच तहान भागंना, तुम्हाला कुठून देऊ? विहिरीचं न्या, उकळून प्या. माझ्या पाण्याला हात लावील त्याचं घर मी बघून घेईन!" लोक मागे हटले. म्हाताऱ्यानं नातवाचे ओले हात धोतराला पुसले. मी तिचे पाय धरून होते, हिरा. ते शेवटपर्यंत गरमच होते.

सुलाबाईंनी कुंडाभोवती दोर बांधला. सात जण आजारी होते, आठवा पडला नाही. सातही जण चालत घरी गेले.

त्या संध्याकाळी गोठ्यात ती मला म्हणाली, "धाकटे, ती नव्हती आली गं. मीच बोलले." एवढंच. पुढच्या जत्रेपासून ती पायरीवर बसली नाही. बायका ओटी घेऊन यायच्या थांबल्या. शेजारची धोंडाबाई तर पाणवठ्यावर तिला ऐकू जाईल असं म्हणायची, "देवीनं हिला टाकली. काय पाप केलं कुणाला ठाऊक!" मोठी आई हंडा भरून निघून यायची. मी एकदा चिडून म्हटलं, सांगून टाका ना सगळं. तर म्हणाली, "सांगितलं तर पुढल्या साथीला कुणी ऐकायचं नाय, पाणी पितील." मी आयुष्यात पुष्कळ पुस्तकं वाचली. पण ज्या देवीवर जीव टाकला तिच्याच नावानं परक्यांच्या लेकरांसाठी खोटं बोलणारी आणि त्याची शिक्षा स्वतःच स्वतःला देणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

आता हे आजच का लिहिते ते सांगते. गेल्या रविवारी मी गावी गेले होते. आसपासच्या दोन वाड्यांत पुन्हा जुलाब-उलट्या आहेत आणि जत्रा तीन आठवड्यांवर आली आहे. सरपंच मोतीराम घरी आले होते. म्हणाले, "काकू, एक डाव बसा. देवीच्या तोंडून आलं तरच ऐकतील." मोठ्या आईनं साफ नाही म्हटलं. ते गेल्यावर मला म्हणाली, "हिराला लिही. पाण्यात काय असतं ते ती शिकलीय, तिनं स्वतःच्या तोंडानं खरं सांगावं. तिच्या आधी मी उठून सांगणार हाय, त्या साली देवी बोलली नव्हती, मी बोलले होते. नायतर लोक देवी बोलायची वाट बघत राहतील आणि तोवर पाणी पितील." गाव तिला काय काय बोलेल ते तिला ठाऊक आहे. फक्त तू येशील की नाही, ते तिनं मला दोनदा विचारलं. मी तुझ्या वतीनं हो म्हणून आले आहे. सुट्टी मिळेल तशी, पण जत्रेच्या आदल्या दिवशी पोच.

तुझ्या येण्याकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच
आई