तीन पायऱ्यांचा रॅम्प

५ जून

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

मी बरी आहे, म्हणजे जेवते, कामावर जाते. आईला जाऊन महिना झाला, तरी रडू आलेलं नाही. काही वाटतच नाही.

नव्या घराच्या किल्ल्या मिळाल्या. दुरुस्तीला हाताशी एक लाख पाच हजार आहेत. गच्चीच्या गळतीचे बावन्न, वायरिंगचे अठ्ठावीस, पाइपांचे पंचवीस, संपले. वर आईच्या चाकांच्या खुर्चीसाठी दारातल्या तीन पायऱ्यांवर लाकडी रॅम्प धरला होता, त्याचे अठरा. तो आता खोडायला हवा, कळतं मला. चार वेळा पेन उचललं. तुम्ही सुतार माणूस, तुमच्या हातून होईल म्हणून यादीच पाठवते.

आणि एकटे किती दिवस राहणार? इकडे या ना. आई तुम्हाला हट्टी म्हणायची ते उगाच नाही.

तुमची,
ठमी

१२ जून

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

यादी पाहिली. प्लंबरने तुला चक्क गंडवलंय. सगळे पाइप कशाला? मोरीतला सडलेला तेवढा बदल, दहा हजार वाचतील.

रॅम्प माझ्याच्यानेही खोडवेना. पेन्सिल कानावर ठेवून तासभर बसलो, मग चहा केला.

तुला एक सांगितलं नव्हतं. माझे गुडघे दोन वर्षांपूर्वीच गेलेत. तुझ्या आईची खुर्ची ढकलायचो, ते निम्मं तिच्यावर टेकून चालता यावं म्हणूनच. तिला माहीत होतं. तिला कुठे जायचं नसलं तरी फिरवून आणा म्हणायची. आता रिकामी खुर्ची धरून फिरतो. समोरचा शिंपी बघत राहतो.

तेव्हा रॅम्पमधली मजुरी, अकरा हजार, तेवढी खोड. लाकडाचे सात राहू दे. पायऱ्यांची उंची दोऱ्याला गाठ मारून पाठव, लहानपणी शिकवलं होतं तशी. तुझ्या टेपवर माझा भरवसा नाही.

वेळेवर जेवत जा.

बाबा

१८ जून

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

मजुरी खोडली. प्लंबरला तुमचं म्हणणं सांगितलं, तर तुमचे वडील कुठे असतात म्हणाला. इथेच येतायत, असं सांगून टाकलं.

रडू अजून आलेलं नाही. पण काल पायरीवर बसून दोऱ्याने माप घेतलं आणि बराच वेळ तिथेच बसून राहिले. दोरा सोबत आहे. पहिली गाठ पायऱ्यांच्या उंचीची.

दुसरी तुम्ही मागितली नव्हती. ती दाराच्या रुंदीची आहे. आईची खुर्ची सहज आत येईल.

वाट पाहते.

तुमची,
ठमी