गंगारामदादांचा फोटो खालच्या घरी

॥ श्री रवळनाथ प्रसन्न ॥

नोव्हेंबर २००८

चि. सुदेशराव यांस,

मसुऱ्याजवळच्या तुमच्या सासुरवाडीहून गुरुदास याचे पोटभर आशीर्वाद. इकडे आम्ही दोघं, गाय आणि कॉम्प्युटर असे चौघेही खुशाल आहोत. पुण्यात तुम्ही दोघं तसेच असाल. संजनेचा खोकला कसा आहे? फ्रिजमधलं पाणी पिऊ नको म्हणावं (ती ऐकणार नाही, पण बापाने लिहायला हवं). सासऱ्याने जावयाकडे काही मागायचं नसतं हे मी जाणतो, तेव्हा या पत्रात मागणी अशी काही नाही. नुसता आनंद कळवायचा आहे. तो फोनवर सांगितला असता, पण मी फोनवर बोलायला लागलो की तुमच्या सासूबाई शेजारी उभ्या राहून प्रत्येक वाक्य दुरुस्त करतात, आणि मग आनंदाचा नुसता चोथा उरतो.

तर गणपतीला आला होतात तेव्हा तुम्ही माझ्या कॉम्प्युटरवर ते लाटेक नावाचं पुस्तकं तयार करायचं सॉफ्टवेअर घालून दिलंत. फुकटच्या वस्तूवर माझा विश्वास नाही, हे मी तेव्हाच बोललो होतो. त्यावर तुम्ही पाचवा मोदक हातात घेऊन मला ओपन सोर्स म्हणजे काय ते समजावलंत: आतलं सगळं उघडं, कोणीही बघावं, दुरुस्त करावं, दुसऱ्याला द्यावं, आणि ज्ञान लपवून ठेवणं हेच पाप. (बोलताना तुमचा चेहरा कीर्तनकारासारखा दिसत होता. मोदकही ओपन सोर्स धरून तुम्ही सहावा उचललात.) आणि जाता जाता म्हणालात, "पपा, तुम्ही फक्त मजकूर लिहा, मांडणी ते बघून घेतं." सुदेशराव, या एका वाक्याने आमच्या गावात जे घडवलंय ते तुम्ही ऐकाच.

आमच्या नव्या देवळाची स्मरणिका या जत्रेत निघायची, आणि पोस्टात जन्म गेलेला माणूस म्हणून कमिटीने ती माझ्या गळ्यात घातली. अडचण मजकुराची नव्हती, मानाची होती. वरचं घर म्हणजे आमच्या भाऊकीचं, माझे चुलतभाऊ गंगारामदादा त्याचे प्रमुख. खालचं घर व्हाळापलीकडचं (तुमच्या पुण्याच्या भाषेत ओढ्यापलीकडचं), तिथला प्रमुख महादू, म्हणजे तुमच्या सासूबाईंचा सख्खा भाऊ. पालखीला पहिला खांदा कोणाचा, यावरून ही दोन घरं तुमच्या लग्नाच्या आदल्या जत्रेत जी तुटली ती तुटलीच. वरच्या घरची सून म्हणून तुमच्या सासूबाईंचं माहेर बंद झालं. अंगणातून त्यांना माहेरचा माड दिसतो, पण व्हाळ ओलांडायची सोय नाही. तुमच्या लग्नात संजनेला बोहल्यावर आणायला मामा आला नाही, आमच्या पोस्टमनने आणलं, हे तुमच्या लक्षात असेल (त्याने तिला रजिस्टर टपालासारखं जपून आणलं, त्याबद्दल तक्रार नाही). त्या दिवशी मी फार हसत होतो. मला रडायला येत होतं म्हणून हसत होतो. आता दोन्ही घरांनी बजावलं, आमचा मान आधी नाही दिसला तर स्मरणिका देवळात येणार नाही आणि पालखी बाहेर पडणार नाही.

असा विस्तव पदरात घेऊन मी लाटेक शिकायला बसलो. पहिल्यांदा वाटलं, जावयाने सूड उगवला. इथे लिहायचं एकीकडे आणि दिसणार दुसरीकडे. प्रत्येक हुकमापुढे उलटी तिरकी रेघ, पुढे महिरपी कंस. एकदा एक कंस मिटायचा राहिला, तर अख्ख्या देवळाचा इतिहास पोटात घेऊन ते अडून बसलं आणि मला नुसतं प्रश्नचिन्ह दाखवायला लागलं. मी उत्तरादाखल "कृपया पुढे जावे" असं टाइप केलं आणि सवयीने खाली सही केली. त्याने ती मानली नाही. ओळीत शब्द विरळ बसले की ते वाईटपणाचे गुण देतं. गंगारामदादांच्या पूर्वजांच्या परिच्छेदाला त्याने वाईटपणा दहा हजार असा शेरा मारला. (लगेच खालच्या घराचा परिच्छेद तपासला. तिथेही दहा हजार. तेव्हाच ओळखलं, हे यंत्र निःपक्षपाती आहे.) पण ज्या दुपारी पहिलं पान धडपणे उमटलं ना, सुदेशराव, मी खुर्चीवरून उठून ओरडलो! दोन्ही बाजूंच्या कडा विळीने कापल्यासारख्या सरळ, आकडे आपोआप, अनुक्रमणिका आपोआप, अगदी शाळेत बक्षीस मिळायचं त्या पुस्तकासारखं पान, आणि ते मी केलेलं! तुमच्या सासूबाई बांगड्याची आमटी तशीच सोडून धावत आल्या. बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ह्या तुमी केलास? मगे आमच्या घराचा नाव खंय आसा?" आमच्या घराचं म्हणजे माहेरचं. मी म्हटलं, पुढच्या पानावर. त्यांनी चष्मा पुसला आणि आमटी बघायला गेल्या. आमटी करपली होती. तीच दोघं जेवलो.

मग आले फोटो. मी नेमस्तपणे वरच्या घराच्या मजकुरात गंगारामदादांचा फेटा बांधलेला उभा फोटो टाकला, खालच्या घराच्या मजकुरात महादूचा, आणि त्यानंतर पालखीचं प्रकरण. प्रिंट काढून देवळाच्या सभामंडपात कमिटीसमोर ठेवली आणि गहजब झाला. गंगारामदादांचा फोटो स्वतःचं पान सोडून थेट खालच्या घराच्या पानाच्या डोक्यावर जाऊन बसलेला! आणि महादू तिथून उठून पालखीच्या पानावर! वरच्या घरचे म्हणाले, आमच्या माणसाला परक्या दारात बसवलं. खालचे म्हणाले, आमच्या माणसाला घराबाहेर काढलं. दोन्हीकडचे मिळून माझ्या अंगावर आले (इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी एक काम एकत्र केलं). मी रवळनाथाकडे बोट करून सांगितलं की मी केलेलं नाही, मांडणी ते बघून घेतं. कोणाला पटेना. शेवटी ठरलं, कॉम्प्युटर देवळात आणा आणि सगळ्यांसमोर करून दाखवा.

टेम्पोतून कॉम्प्युटर आला. लोडशेडिंग होतं म्हणून माईकवाल्याचा जनरेटर लावला. लवू गुरवाने कीबोर्डसमोर नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं, "बा देवा रवळनाथा, वरच्या घराचो आणि खालच्या घराचो जो काय तंटो आसा, तो ह्या मशिनीच्या रुपान आज तूच तोडून टाक रे म्हाराजा!" आणि सगळा मंडप म्हणाला, "व्हय म्हाराजा!" मी फोटोचा हुकूम एक ओळ वर नेला. गंगारामदादा खालच्या घरी. दोन ओळी वर नेला. खालच्या घरीच. कमिटीने सांगितलेल्या जागी ठेवला, तरीही ते त्याच पानावर, फेट्यासकट, आणि महादू पालखीच्या पानावर. मग लवूने अर्थ लावला: मजकूर जागचा हलला नाही, म्हणजे पहिलं नाव वरच्या घराचं; महादू पालखीच्या पानावर, म्हणजे पालखीला पहिला खांदा खालच्या घराचा; आणि दादा खालच्या घराच्या पानावर, म्हणजे खांदेकऱ्यांना बोलवायला वरच्या घराने त्यांच्या दारात जायचं.

गंगारामदादा उठले. मला वाटलं, कॉम्प्युटरवर नारळ फोडतात. पण त्यांनी फेटा सारखा केला आणि म्हणाले, "देवान माझो फोटो आधीच धाडल्यान. आता माका पाठसून जावकच व्हया." आणि तसेच निघाले. आम्ही सगळे मागून. व्हाळ ओलांडला तेव्हा महादू आमच्या आधी आडवाटेने धावत जाऊन स्वतःच्या दारात उभा होता, जसा काही सकाळपासून तिथेच आहे. पाण्याचा तांब्या पुढे करून एवढंच म्हणाला, "येवक उशीर केलंस रे दादा." मी मागे वळून बघितलं तर तुमच्या सासूबाई व्हाळावरच्या साकवाच्या पुलावर थांबलेल्या, पदर तोंडाला लावून. महादूच्या बायकोने जाऊन त्यांना हाताला धरून आणलं.

तर असं तुमचं लाटेक. पालखी निघणार, स्मरणिका निघणार. तुम्ही दोघं जत्रेला याच. संजनेला आशीर्वाद.

आपला,
गुरुदास

ता.क. तुमच्या सासूबाई माहेरी गेल्या आहेत. संध्याकाळी येते म्हणून गेल्या, त्याला आता आठवडा होत आला. मी पेज आणि लोणच्यावर आहे, तरी माझी तक्रार नाही.

ता.क. २. तुम्ही शिकवायच्या आधीच सांगतो: मॅन्युअल मी वाचलं आहे. फोटो दोन बोटं लहान करायचा आणि चौकोनी कंसात एक अक्षर टाकायचं, की तो सांगितल्या जागी खिळा मारल्यासारखा बसतो. हे मला मंडपात कॉम्प्युटर नेण्याच्या आदल्या दुपारी समजलं होतं. उलट मी दादांचा फोटो थोडा मोठाच केला. फेट्यात जीव आला पाहिजे ना. रवळनाथाला वेगळा नारळ ठेवून हे सगळं सांगितलं आहे. तो काही बोलला नाही.

ता.क. ३. महादूने ट्रंकेतून एक साडी आणि एक फेटा काढून दाखवला. तुमच्या लग्नात मामाने द्यायचा आहेर. लग्नाच्या आदल्या महिन्यात घेतला होता, तसाच डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेला. जत्रेच्या दिवशी तो तुम्हा दोघांना पाटावर बसवून देणार आहे. सॉफ्टवेअर तुमचं, हे गावाला ठाऊक आहे, तेव्हा लोक तुम्हालाच विचारतील. तुमचा स्वभावही मला ठाऊक आहे. म्हणून मागायचं नव्हतं तरी हात जोडून मागतो, जावईबापू: बाकी सगळं उघडं असू द्या, पण हे एवढं ओपन सोर्स करू नका.